926 मीटर? बेळगावच साडेसातशेवर आहे की! – लॉख लाँगवरच्या तीन डोंगरांचा एक दिवस

बेळगावकर माणसाला स्कॉटलंडच्या डोंगरांची उंची सांगितली की आधी हसूच येतं. बेन नार्नेन 926 मीटर, बेन ईम 1011 मीटर, कॉब्लर 884 मीटर. आपलं शहरच समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर. म्हणजे टिळकवाडीतल्या गच्चीवर वाळत घातलेले पापड नार्नेनच्या शिखरापेक्षा जेमतेम पावणेदोनशे मीटर खाली. एवढ्यासाठी एवढा बाऊ कशाला?

हिशेब इथेच चुकतो. डोंगराची उंची समुद्रापासून मोजतात, पण पाय चढतात ते पायथ्यापासून. आपण यळ्ळूरचा राजहंसगड किंवा देवरवाडीचा वैजनाथ चढतो तेव्हा पठाराने आधीच सातशे मीटर फुकट दिलेले असतात. लॉख लाँगला असं काही फुकट मिळत नाही. ‘लॉख’चा अर्थ आपण सरोवर असा शिकलेलो असतो, पण लॉख लाँग ही चक्क खाडी आहे. तिला भरती-ओहोटी येते, ओहोटीला तळाचा चिखल उघडा पडतो. वाट सुरू होते ती या खाडीच्या टोकाला, सकॉथ नावाच्या जागी. तिन्ही शिखरं एका दिवसात केली तर एकूण चढ सुमारे 1600 मीटर भरतो. गोव्याच्या बाजूने चोर्ला घाट पायी चढून या आणि माथ्यावर चहा पिण्याऐवजी पुन्हा तेवढंच चढा, असं म्हटलं तर अंदाज येईल.

आपल्याकडची मुलं शिकायला ग्लासगोला जातात, मागोमाग आईवडील भेटायला जातात, आणि रविवारी ‘जवळचा एखादा डोंगर करू’ असा बेत ठरतो. पावसाळ्यात आंबोली-जांबोटी हिंडलेल्या माणसाच्या काही सवयी तिकडे उपयोगी पडतात, काही नडतात. कुठली कधी, हे वाटेच्या ओघातच सांगतो.

ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्टेशनवरून वेस्ट हायलँड मार्गाची गाडी आरोखर-टार्बेटला सव्वा तासाच्या आसपास पोचवते. गाड्या दिवसाला मोजक्याच, रविवारी त्याहून कमी. म्हणून परतीची वेळ आधी बघा आणि तिच्यावरून उलटं मोजत निघायची वेळ ठरवा. स्टेशनवरून सकॉथपर्यंत चालत अर्धा-पाऊण तास लागतो. आरोखर आणि टार्बेट या दोन गावांमधली चिंचोळी जमीन एका बाजूला लॉख लाँग आणि दुसऱ्या बाजूला लॉख लोमंड यांना वेगळं करते. 1263 मध्ये नॉर्वेच्या राजाच्या दर्यावर्दींनी आपल्या होड्या खाडीतून काढून इथूनच ओढत नेल्या आणि गोड्या पाण्याच्या लॉख लोमंडमध्ये सोडल्या. टार्बेट या नावाचा अर्थच होड्या ओढून न्यायची जागा. त्यांच्यापुढे आपल्या पाठीवरची सहा-सात किलोची पिशवी काहीच नाही.

वेळेचा हिशेब तिथे नाइस्मिथच्या नियमाने करतात. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये तो मांडला. आजच्या मापात, दर 5 किलोमीटरला एक तास, आणि वर दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. आपली वाट सुमारे 15 किलोमीटर, म्हणजे तीन तास. चढ 1600 मीटर, म्हणजे दोन तास चाळीस मिनिटं. बेरीज पाच तास चाळीस मिनिटं. यात थांबणं नाही, खाणं नाही, दलदलीत बूट रुतणं नाही, नकाशा बघणं नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने या आकड्याची दीडपट धरावी, म्हणजे साडेआठ तास. जूनमध्ये ग्लासगोकडे रात्री दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा हे सहज बसतं. डिसेंबरमध्ये पावणेनऊला उजाडतं आणि पावणेचारला मावळतं. आपल्याकडे थंडीतही अकरा तासांचा दिवस मिळतो, त्यामुळे ‘नऊला निघू, पाचला परत’ ही सवय अंगात मुरलेली असते. तिकडच्या हिवाळ्यात तीच माणसाला अंधारात सोडते. शिवाय हिवाळ्यात बर्फ असतं आणि त्याला बर्फाची कुऱ्हाड आणि क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे अणकुचीदार खिळे, लागतात, ते शिकून घ्यावे लागतात. पहिला बेत मे ते सप्टेंबर याच काळात करावा.

सकॉथहून नार्नेनला दोन वाटा आहेत. एक जंगलातून नागमोडी वळणं घेत सावकाश चढते, मग ओढ्याच्या काठाने वर जाते. दुसरी नाकासमोर. जुन्या जलविद्युत कामाच्या वेळचे काँक्रीटचे ठोकळे ओळीने वर गेलेत, त्यांच्या कडेकडेने ती चढते. (पलीकडच्या लॉख स्लॉयचं धरण आणि वीजकेंद्र 1950 मध्ये सुरू झालं, त्या काळातलं हे बांधकाम.) ही वाट झाडांच्या मुळांतून, चिखलातून जाते, पाऊस असेल तर तिचाच ओढा होतो. तरीही तिन्ही शिखरं करायची असतील तर चढताना हीच घ्यावी, असं माझं मत. कारण हिच्यावरून उतरणं म्हणजे गुडघ्यांशी वैर. खडा चढ सकाळच्या ताज्या पायांनी संपवावा आणि नागमोडी वाट संध्याकाळच्या थकल्या पायांसाठी राखून ठेवावी.

जंगल संपलं की डोंगराची सोंड सुरू होते. इथून पुढे पायाखालचा दगड ओळखायला लागतो. आपला जांभा खडबडीत असतो, कोरडा असताना बूट धरून ठेवतो, आणि शेवाळलं की दुरूनच हिरवा-काळा दिसतो. तिकडचा दगड म्हणजे अभ्रकाचा शिस्ट, थरांचा, चमकणारा, काही ठिकाणी घडी घातलेल्या कापडासारखा. कोरडा असला की झकास. ओला झाला की त्याच्या तिरक्या थरांवर पाय सरकतो, आणि त्यावरचे दगडफूल दिसायला कोरडे असले तरी बोटाने दाबून बघा, पाणी येतं. उतारावर पाऊल पूर्ण सपाट टाकायचं, टाच आधी टेकवायची नाही. घसरगुंडी बहुतेक वेळा टाचेवरच होते.

सोंड एका लहान उंचवट्यावर चढते, किंचित उतरते आणि मग समोर ‘स्पीअरहेड’ येतो. भाल्याच्या टोकासारखा उभा कातळ. खालून बघितलं की वाट संपली असंच वाटतं. पण वाट त्याच्यावरून जात नाही, बगल देऊन दगडांनी भरलेल्या घळीतून वर चढते. एक-दोन ठिकाणी हात लावावे लागतात, दोराची गरज नाही. एकाच्या मागे एक चिकटून चढू नका. वरच्याच्या पायाखालचा दगड सुटला की तो खालच्याच्या डोक्याशीच येतो. एकाने घळ पार करावी, मग दुसऱ्याने निघावं. पिशवीला लटकवलेल्या काठ्या घळीत अडकतात, त्या आधीच आत घाला.

घळ संपली की एकदम सपाट, दगडगोट्यांचं माथ्याचं पठार. नार्नेन 926 मीटर, म्हणजे ‘मन्रो’ म्हणवून घ्यायच्या रेषेच्या बारा मीटर वर. सर ह्यू मन्रो यांनी 1891 मध्ये 3000 फुटांवरच्या स्कॉटिश डोंगरांची यादी छापली. 3000 फूट म्हणजे 914.4 मीटर. आजच्या यादीत असे 282 डोंगर आहेत आणि सगळे पुरे करायला लोक आयुष्य घालवतात. आपल्याकडे गडकिल्ल्यांची वही भरणारे असतात, तसंच.

हे पठार धुक्यात सगळ्यात धोक्याचं. वर येणारी वाट स्पष्ट असते, पण माथ्यावर दगडच दगड, पायवाटेचा माग उरत नाही. कडेला कातळ आहेत. आपल्याकडे धुक्यात वाट चुकली तर माणूस थांबतो, हाळी देतो, कुठून तरी गवळी किंवा गुराखी ‘ओ’ देतोच. तिकडे विचारायला कोणी नसतं. मेंढ्या असतात, त्या सांगत नाहीत. आणि देऊळही नसतं. वैजनाथाला पाऊस लागला तर मंडपात बसता येतं. या तिन्ही माथ्यांवर छप्पर नाही, टपरी नाही. पाऊस थांबेस्तोवर आडोशाला उभं राहायचं ही आपली सवय तिथे घातक आहे, कारण पाऊस थांबेलच असं नाही आणि उभं राहिलेलं शरीर झपाट्याने गार पडतं.

म्हणून नकाशा आणि होकायंत्र. ऑर्डनन्स सर्व्हेचा 1:25,000 चा नकाशा घ्या. त्यात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, 10 मीटरच्या अंतराने असतात, आणि प्रत्येक चौकोन एक किलोमीटरचा. नार्नेनच्या माथ्यावर पोचलात की, हवा स्वच्छ असली तरी, होकायंत्र लावून पुढची दिशा बघून ठेवा. आधी पश्चिमेकडे, मग वायव्येकडे उतरत खिंडीत जायचं. धुक्यात अंतर मोजायचं ते वेळेवरून. ताशी 4 किलोमीटरच्या चालीने 100 मीटरला दीड मिनिट लागतं, खडकाळ उतारावर दोन-अडीच धरा. नकाशावर ठरवलेली वेळ उलटून गेली आणि अपेक्षित खूण आली नाही, तर पुढे रेटू नका. शेवटच्या ओळखीच्या जागी परत या. मोबाइलवरचा नकाशा जरूर ठेवा, पण थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते आणि ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही. फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवावा.

खाली खिंड. गेलिक भाषेत खिंडीला ‘ब्यालख’ म्हणतात, उंची साधारण 640 मीटर. तिन्ही डोंगर इथे एकमेकांना भेटतात, म्हणून दिवसाचा खरा निर्णय इथेच घ्यायचा. घड्याळ बघा. निघाल्यापासून चार तासांहून जास्त झाले असतील, किंवा वारा इतका असेल की बोलताना ओरडावं लागतंय, तर बेन ईम सोडा. खिंडीतून दक्षिणेकडे एक लहान तळं आहे, त्याच्या बाजूने ओढ्याच्या वाटेला लागता येतं आणि तिथून सरळ सकॉथला. ही सुटकेची वाट नकाशावर घरीच रंगवून ठेवावी, खिंडीत पावसात शोधत बसू नये.

ईमचा चढ म्हणजे गवत आणि दलदल, 370 मीटर, कंटाळवाणा. इथे आपल्याकडच्या माणसाची पंचाईत होते, कारण आपल्याला चिखल माहीत असतो, पीट माहीत नसते. पीट म्हणजे हजारो वर्षं न कुजता साचलेल्या वनस्पतींचा काळा, स्पंजासारखा थर. भाताच्या खाचरात पाय रुतला तर खाली टणक लागतं. पीटमध्ये कधी लागतं, कधी गुडघ्यापर्यंत जाऊनही लागत नाही. रंग बघून चाला. झळझळीत हिरवं किंवा लालसर मऊ शेवाळ दिसलं की खाली पाणी समजा. ताठ गवताचे गड्डे आणि हीदरची झुडपं त्यातल्या त्यात भरवशाची. बुटावर गेटर, म्हणजे पोटरीवरचं जलरोधक वेष्टण, असेल तर मोजे वाचतात.

‘ईम’ म्हणजे लोणी. लोण्याचा डोंगर. आणि कॉब्लरकडून खाली येणाऱ्या ओढ्याचं इंग्रजी नाव बटरमिल्क बर्न, म्हणजे ताकाचा ओढा! उन्हाळ्यात गुरं घेऊन वरच्या कुरणात राहायचं, तिथेच दूध घुसळायचं, ही रीत हायलँडमध्ये जुनी. आपल्या खानापूर-चंदगडच्या रानातल्या गवळीवाड्यांवरचा माणूस ही दोन नावं ऐकून गालातल्या गालात हसेल.

ईमच्या माथ्यावर, 1011 मीटरवर, वारा कळतो. हवेचं तापमान दर 1000 मीटरला साडेसहा अंशांच्या आसपास उतरतं. खाडीकाठी 14 अंश असतील तर वर सात-साडेसात. त्यात ताशी 40 मैलांचा वारा असला तर उघड्या कातडीला ते एक अंशासारखं लागतं. तेही जुलैमध्ये! आपल्या पावसात माणूस दिवसभर चिंब भिजून हिंडतो आणि संध्याकाळी आल्याचा चहा घेऊन ठणठणीत असतो, कारण आपला पाऊस वीस-बावीस अंशांचा. या एकाच फरकावर सगळे कपडे ठरतात. सुती बनियन, सुती टी-शर्ट, जीन्स घरीच ठेवा. सूत पाणी धरून ठेवतं आणि ते पाणी अंगाची उष्णता ओढून घेतं. आत लोकरी किंवा पॉलिस्टरचा थर, त्यावर फ्लीस, सर्वात वर शिवणी चिकटवलेलं जलरोधक जाकीट आणि तशीच पँट. छत्री निरुपयोगी, दुचाकीवर घालतो तो रेनकोट वाऱ्यात फाटतो, पोंचो शिडासारखा फुगून माणसाला कड्याकडे ढकलतो. टोपी, हातमोजे दोन जोड, एक जादा उबदार जाकीट. पिशवीला बाहेरचं आवरण वाऱ्याने उडून जातं, त्यापेक्षा आत जाड प्लास्टिकची पिशवी घालून सगळं तिच्यात ठेवा.

सोबतचा एखादा बडबड्या माणूस गप्प झाला, चिडचिड करायला लागला, सपाटीवर अडखळायला लागला, बटण लावता येईना, तर ते थकणं नव्हे. शरीर गार पडतंय. तिथल्या तिथे कोरडा थर चढवा, गोड खायला द्या आणि वाऱ्यातून खाली काढा.

गोड म्हणजे काय, तर आपल्याकडे गोकाकचा करदंट आहे. डिंक, गूळ, सुकामेवा. खिशात मावतो, थंडीत चावता येतो आणि एका तुकड्यात पोटाला आधार होतो. डोंगरासाठी याहून चांगला खाऊ मला माहीत नाही. एक पथ्य मात्र आहे. ब्रिटनमध्ये भारतातून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, त्यामुळे कुंदा इथेच ठेवावा लागतो, आणि करदंटात तूप असतं, तेव्हा पाकिटावरचे घटक वाचूनच ठरवा. शेंगदाण्याची चिक्की निर्धोक. दर तासाला दोन घास, भूक लागायची वाट न बघता. पाणी दीड-दोन लिटर. गारव्यात तहान कळत नाही, म्हणून घड्याळ लावून प्या. ओढ्याचं पाणी नितळ दिसलं तरी वर मेंढ्या चरत असतात, गाळून किंवा गोळी टाकून घ्या.

ईमवरून परत त्याच खिंडीत, आणि आता कॉब्लर. उंची 884, म्हणजे मन्रोंच्या यादीत नाही, तरी तिघांत देखणा हाच. कॉब्लर म्हणजे मोची. ओणवं बसून जोडे शिवणारा माणूस खालून दिसतो म्हणे. कल्पनाशक्ती थोडी ताणावी लागते. उत्तरेकडून दगड रचून केलेल्या पायऱ्या आहेत, 240 मीटरचा चढ, वाट चुकायची भीती नाही.

खरी गंमत माथ्यावर. अगदी वरचं टोक म्हणजे घरापेक्षा उंच असा सुटा कातळ, आणि त्यात आरपार भोक. राजगडाचं नेढं पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको. इथे मात्र नेढ्यातून पलीकडे सरपटत जायचं, बाहेरच्या अरुंद कंगोऱ्यावरून सरकायचं आणि मग वरच्या कातळावर चढायचं. तिकडे याला ‘सुईत दोरा ओवणं’ म्हणतात. कंगोरा बाहेरच्या बाजूला उतरता आहे, हजारो बुटांनी घासून गुळगुळीत झालाय, आणि खाली सरळ दरी. कोरडा कातळ, शांत वारा आणि चढाईची सवय असेल तरच जा. ओला असेल तर नेढ्यातून पलीकडचं दृश्य बघा आणि मागे या. चढणं जमतं, उतरताना पाय कुठे टाकायचा ते दिसत नाही, आणि माणसं तिथेच अडकतात. नेढ्याच्या अलीकडे थांबलेल्याला कॉब्लर झाला नाही असं म्हणणारे असतात, त्यांना म्हणू द्या.

उतरताना दोन शिखरांमधून खाली पडणारी खडी वाट खुणावते, ती सोडा. आलात त्याच पायऱ्यांनी तळ्यापर्यंत जा आणि ओढ्याच्या काठाने खाली या. वाटेत ‘नार्नेन बोल्डर्स’ म्हणतात ते दोन अवाढव्य धोंडे लागतात, वाऱ्याला आडोसा मिळणारी जागा. उरलेला खाऊ इथे संपवा. जंगलातल्या फाट्यांवर संध्याकाळी गोंधळ होतो, कपाळावरची बॅटरी जूनमध्येही जवळ हवी.

अपघात झालाच तर 999 लावा, आधी पोलीस मागा, मग माउंटन रेस्क्यू. बोलण्याइतकं नेटवर्क नसेल तरी संदेश जाऊ शकतो, पण त्यासाठी 999 वर ‘रजिस्टर’ हा इंग्रजी शब्द पाठवून आधी नोंदणी करावी लागते. घरून निघतानाच करून टाका. शिट्टीचे सहा आवाज एका मिनिटात, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्ट्यांचं येतं. मदतीला येणारे स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत.

हवामानासाठी शहराचा अंदाज बघू नका. माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिसचा अंदाज बघा. त्यात माथ्यावरचा वारा, त्या वाऱ्यात चालणं किती जड जाईल, 900 मीटरवरचं तापमान आणि शिखरं ढगाबाहेर असण्याची शक्यता टक्क्यांत दिलेली असते. वारा 40 मैलांच्या वर असेल तर तिन्ही शिखरांचा बेत रद्द करा.

तयारी बेळगावातच होते. राजहंसगड किंवा वैजनाथ एकदा चढून फोटो काढण्यात अर्थ नाही. घड्याळातल्या उंचीमापकावर एका फेरीचा चढ मोजा आणि सलग फेऱ्या मारा. पहिल्या आठवड्यात 400 मीटर, मग 600, दोन महिन्यांत 1200 पर्यंत. पाठीवर सहा किलो, पायात तेच बूट जे तिकडे न्यायचे. जुलैच्या पावसात करा, म्हणजे जाकीट कुठे गळतं ते इथेच कळेल. उतार मुद्दाम सावकाश उतरा, दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या उतरण्यानेच.

आणि सकॉथला परत आल्यावर बूट सोडायला झाडाखाली बसू नका. वारा पडलेल्या संध्याकाळी मिज नावाची चिलटं थव्याने येतात. आपल्याकडची चिलटं डोळ्यांपुढे नाचतात, ही चावतात. जरासा वारा असला की ती उडू शकत नाहीत, म्हणून उघड्यावर, खाडीच्या काठाला जा. घरी पोचल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली गोचीड बघा. आपल्याकडे पश्चिम घाटात तिच्यामुळे माकडताप येतो, तिकडे लाइम रोग. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, तेल लावायचं नाही, काडी पेटवून भाजायचं नाही. तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं तर डॉक्टरकडे जाताना ती लागते.